खराट्याचे पन्नास हीर

मामा,

भिसेगावात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी संदीपने अचानक माझं नाव घेतलं. म्हणाला, बाबांबरोबर डोंगर फिरायच्या त्या ताई आल्यात, त्या दोन शब्द बोलतील. मी मागच्या रांगेत, दाराजवळ, चपला लगेच सापडतील अशा जागी बसले होते. उठले. पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. "मामांनी मला खूप शिकवलं," एवढं म्हणून मी खाली बसले. माझ्या आधी कॉलेजमधले तुमचे एक जुने सर बराच वेळ बोलले होते. तुमची नोकरी, तुमचा प्रामाणिकपणा, तुमचं वेळेवर येणं. आमरीचं, तुमच्या त्या गवतातल्या ऑर्किडचं, नाव कुणीच काढलं नाही. मीही नाही.

तुम्ही असता तर बाहेर पडताना म्हणाला असता, "मॅडमचा आवाज बसलाय वाटतं."

मी थकले आहे मामा. रडून नाही, फारशी रडलेच नाही. ऑगस्टमध्ये तुम्हाला फोनवर एक आकडा सांगितला होता, तो खोटा होता. तेव्हापासून तो सांभाळून थकले आहे. तुम्ही गेल्यावर तो आपोआप सुटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

कॉलेजात सगळे तुम्हाला मामा म्हणत, जसे प्रयोगशाळेतल्या प्रत्येक परिचराला म्हणतात. मधल्या सुट्टीत मी वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटामागे डबा खायचे, कारण तिथे कुणी बोलायला येत नसे. डांबरगोळ्यांच्या वासात पोळीभाजी. महिनाभर तुम्ही मला बघून न बघितल्यासारखं केलंत. मग एक दिवस एक कागद माझ्या डब्याशेजारी ठेवलात. त्यावर एक वाळकं रोप चिकटवलेलं होतं. बुडाशी दोन पानं, वीतभर दांडा, वर तीन फुलं, कधीकाळी पांढरी असलेली, चहात बुडवल्यासारखी. तुम्ही विचारलंत काय आहे. मी लॅटिन नाव सांगितलं, बरोबर सांगितलं.

"नाव नाय इचारलं," तुम्ही म्हणालात. "काय हाय ते सांग."

मी परत कागदाकडे बघितलं. मग तुम्हीच सांगितलंत, ही गवतात राहणारी आमरी. आमरी म्हटलं की लोक झाडावर बघतात. ही पायाखाली असते, म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून जाते.

त्या कागदाच्या कोपऱ्यातली चिठ्ठी तुमच्या अक्षरात होती, पण खाली नाव सरांचं होतं. हे मी तुम्हाला बोलून दाखवलं तेव्हा तुम्ही हसलात आणि झाडूने कपाटाखालची धूळ ओढायला लागलात. मी पुढे एमएस्सीला ह्याच आमरीवर काम घेतलं, ती कुठे कुठे उरली आहे हे शोधायचं म्हणून. तोवर तुम्ही निवृत्त झाला होता. तुमच्या जुन्या रजिस्टरात कर्जत आणि खालापूर मिळून तीन जागा होत्या. माझ्या नकाशावर तीन ठिपके आले. मला वाटलं, तीन ठिपके म्हणजे तीन ठिकाणं.

कळंबच्या जागेवर गेलो तर तिथे रिसॉर्टचं फाटक होतं. वॉचमनने आपल्याला बुकिंगला आलेले समजून, रूम हवी की फक्त दिवसभर, असं विचारलं. तुम्ही फाटकातूनच आतल्या निळ्या पाण्याकडे बोट केलंत. "इथं होती. जिथं ती बाई पोहतेय ना, तिथं." मग खिशातून पेन काढून, रजिस्टर गुडघ्यावर ठेवून, तारीख घातलीत आणि लिहिलंत: शून्य. मी म्हणाले, आता इथे यायचंच कशाला. तुम्ही म्हणालात, शून्य ही पण मोजणीच असते. न जाता लिहिलं तर ते शून्य नाही, ती थाप.

दुसरी जागा तुम्ही मला खूप दिवस सांगितलीच नाहीत. नेरळची आहे, आता तिथे वस्ती झाली आहे, एवढंच. शेवटी मी नकाशा पुढे धरला तेव्हा म्हणालात, "तुमची बिल्डिंग हाय ना? पार्किंगची बाजू." तुम्हाला ते सांगताना माझ्यापेक्षा जास्त संकोच वाटत होता. त्या ऑगस्टमध्ये तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून शून्य लिहिलंत आणि मग आईने तुम्हाला वर बोलावून चहा दिला. आई विचारत होती, मामा खाली काय बघत होते? मी म्हणाले, काही नाही.

म्हणजे उरला एकच ठिपका. खालापूरकडचा बाळारामदादांचा माळ. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. तुम्ही लिहू दिलं नसतंत. फोटो काढून नेणारे येतात आणि त्यांच्या मागे खणून नेणारे.

त्या माळावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तुमच्या पिशवीत खराट्याचे हीर होते, पन्नास, प्रत्येकाच्या टोकाला लाल लोकरीची गाठ. जुना खराटा सोडवून तुम्ही स्वतः बनवलेले. मी मोजायला वही आणली होती. तुम्ही म्हणालात, वहीत मोजशील तर एकच रोप दोनदा मोजशील, गवतात सगळं सारखं दिसतं. एका रोपाशेजारी एक हीर रोवायचा. सगळा माळ फिरून झाला की हातात किती उरले ते बघायचं. मग परत सगळे गोळा करायचे, एकही मागे सोडायचा नाही. हातात तेरा उरले. सदतीस रोपं, सगळी माळाच्या एकाच तुकड्यात. गुडघ्याएवढ्या हिरव्या गवतात सदतीस लाल गाठी वाऱ्यावर हलत होत्या, आणि तुम्ही जांभळाखाली बसून भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "बघ. आता दिसते का नाय?"

तो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता मामा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

त्याच जांभळाखाली आपलं भांडण झालं. भांडण म्हणजे काय, तुम्ही आवाज चढवत नव्हता आणि मला तो चढवता येत नाही. मी मोबाइलवर दक्षिण अमेरिकेतल्या एका आमरीबद्दल वाचत होते. तीही अशीच गवताळ प्रदेशातली, दुर्मीळ, नकाशावर मोजके ठिपके, आणि तिला वाचवायचं कसं ही तीच काळजी. मला फार बरं वाटलं होतं, की जगाच्या त्या टोकालाही कुणीतरी असंच वाकून गवतात बघत असेल. तुम्हाला फोटो दाखवला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितलात आणि विचारलंत, "तिथं गवत कोण कापतं?"

मी म्हणाले, कापत नसतील, मोठमोठी कुरणं आहेत, गुरं चरतात.

"म्हंजे कापलंच की. तोंडानं."

मी म्हणाले, ते वेगळं आहे मामा.

"येगळं कसं? तिकडच्या मॅडमनी गुरं बांधून घातली तर?"

मला राग आला. कारण गवत कापणं थांबवायचं, हे मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. दरवर्षी दसऱ्यानंतर बाळारामदादा माळावरचं गवत कापतात, भारे बांधतात, टेंपोत भरून वखारीला पाठवतात. माझ्या पुस्तकांत कापणं, चराई, तुडवणं हे सगळं 'धोका' ह्या एका मथळ्याखाली होतं. एकच जागा उरली आहे आणि तिच्यावर वर्षाला वीस माणसं विळे घेऊन चालतात, हे मला सहन होत नव्हतं. तुम्ही म्हणत होता की दसऱ्यापर्यंत तिच्या शेंगा फुटून बी उडून गेलेलं असतं, कंद जमिनीत झोपलेला असतो, विळा तिला लागतच नाही. आणि गवत उभं राहिलं तर पुढच्या वर्षी कुजून चटईसारखं पडेल, वर यायला तिला वाट राहणार नाही. "आमच्या आज्यापासून कापतायत," म्हणालात, "तरी ती हाय. का कापतायत म्हणून हाय, ते तू शोध." मी शोधलं नाही. पुरावा काय, असं विचारलं. तुम्ही, पदवी नसलेला माणूस, भाकरीचं फडकं झटकून घडी घालायला लागलात. तो प्रश्न मी तुम्हाला तसा विचारायला नको होता.

त्या ऑक्टोबरमध्ये मी बाळारामदादांशी बोलले. एकटी. तुम्ही पाच पावलं मागे उभे होता. तोवर दोन वर्षं तुम्ही मला प्रत्येक गावात पुढे ढकलत होता, "तू बोल गं, मी हाय मागं," आणि प्रत्येक वेळी मी वहीत डोकं घालून तुम्हालाच बोलायला लावत होते. त्या दिवशी मी बोलले. पूर्ण वाक्यं. हा तुकडा या वर्षी कापू नका, ही फुलं जगात फार थोडी उरलीत, तुमच्या माळावर आहेत ही मोठी गोष्ट आहे. बाळारामदादांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून तुमच्याकडे. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर त्यांनी तुमचं ऐकलं असतं. लहानपणापासून ओळखत होते ते तुम्हाला.

तुम्ही बोलला नाहीत.

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय," ते म्हणाले. "र्‍हाऊं दे ताई."

उतरताना तुम्ही म्हणालात, "चांगली बोललीस." एवढंच. त्या 'चांगली'मध्ये काय होतं ते मला आजवर नीट समजलेलं नाही. मला मात्र त्या संध्याकाळी नेरळला उतरून घरी चालत जाताना उंच झाल्यासारखं वाटत होतं.

यंदाच्या ऑगस्टमध्ये तुमचे पाय सुजले होते, चार पायऱ्या चढून दम लागत होता. हिरांची जुडी तुम्ही माझ्या हातात दिलीत. रबरबँड बदलून नवीन लावलं होतंत. "एक पण मागं सोडू नको," म्हणालात.

माळावर तो तुकडा लांबूनच ओळखू येत होता. बाकीचा माळ हिरवा, हा करडा. गेल्या वर्षीचं गवत आडवं पडून, भिजून, एकमेकांत गुंतून गादीसारखं झालं होतं. वरून फारच थोडं नवं फुटलं होतं. मी गुडघ्यांवर बसून हाताने ते उचकटत गेले. खाली काही ठिकाणी पिवळे, दोऱ्यासारखे कोंब होते, वर यायचा प्रयत्न करून आडवे गेलेले. ते मी मोजले नाहीत. मोजायची रोपं तुकड्याच्या कडेला होती, जिथून माणसांची पायवाट जाते आणि गवत तुडवलं जातं. तिथे, नेमकं तिथे. अकरा हीर रोवले. हातात एकोणचाळीस उरले. ती जुडी हातात इतकी जाड लागत होती की मी ती दोनदा मोजली.

तुमचा फोन आला तेव्हा मी अजून जांभळाखालीच होते.

"किती गं?"

मी म्हणाले, "चौतीस."

तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. तुमचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालात, "चौतीस. म्हंजे तीन गेली. तेवढं चालतंच." आणि विचारलंत, "काड्या सगळ्या उचलल्यास ना?"

मी स्वतःला सांगितलं की तुम्ही आजारी आहात म्हणून खोटं बोलले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे की मला तुम्हाला 'तुमचं बरोबर होतं' असं म्हणायचं नव्हतं. त्यानंतर दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा दारात चपला काढताना ठरवलं, आज सांगायचं. दोन्ही वेळा तुम्ही मला पपई कापून दिलीत आणि माझ्या नोकरीचं विचारलंत. तुम्हाला बसल्या जागी धाप लागत होती आणि तरी पपईच्या बिया तुम्ही कागदात वेगळ्या बांधल्यात, परसात लावायला. मी पपई खाल्ली आणि निघाले. सप्टेंबरमध्ये संदीपचा मेसेज आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी निघताना त्याने एक पिशवी माझ्या हातात दिली. बाबांनी सांगितलं होतं, ताईंना दे. आत रजिस्टर होतं. घरी येऊन शेवटचं पान उघडलं. तारीख होती, आमच्या पार्किंगचं नाव होतं, समोर शून्य. तुम्हाला चालवत नव्हतं, तेव्हा तुम्ही ते फोनवर माझ्याकडून बघून घेतलं होतं, आठवतंय? मला गॅलरीत उभं केलं होतंत. कळंब, संदीप जाऊन आला, शून्य. त्याखाली बाळारामचा माळ. मोजणारी म्हणून माझं पूर्ण नाव, आडनावासकट, तुमच्या त्या सरळ निळ्या अक्षरात. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिलीत तशीच काळजीने. आणि आकड्याच्या जागी काही नाही. रिकामं.

मला वाटलं, राहून गेलं असेल. पण त्याखाली पावसाची नोंद पूर्ण होती.

काल दसरा होऊन आठवडा झाला. मी माळावर गेले. वाटभर वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वेळी ते मोडत होतं. बाळारामदादा खालच्या अंगाला होते. त्यांचा बाकीचा माळ कापून झाला होता, भारे रचून ठेवले होते. तो एक तुकडा तेवढा तसाच उभा. मला बघून त्यांनी विळा खांद्याला अडकवला आणि वर आले. आधी आम्ही दोघं तुमच्याबद्दल जे बोलायचं ते बोललो, चांगला माणूस, फार लवकर गेले, वगैरे. आधी बोलणं मला जमेना. शेवटी तेच म्हणाले.

"मामांचा फोन आलेला औंदा. तुमी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी. इचारत होते, लाल काड्या किती दिसल्या रं?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"म्या सांगितलं, धा-बारा असतील. कडंकडंला. लय नाय." त्यांनी विळा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मी म्हनलं, मामा, ह्या टायमाला कापून टाकू का? तर म्हनाले, नको. तिनं थांबवलंय, तीच सांगंल. दिवाळीपोतूर वाट बघ. नायच आली तर काप, झाडाचं नुसकान नको."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पपई कापताना माहीत होतं. तुमची चौतीसवरची शांतता आणि ती रिकामी जागा, दोन्ही मला माळावर उभी असताना एकदम कळली. मला तुमचा राग आला, मामा. खरंच आला. मला विचारलं का नाही? गेल्या वर्षी पाच पावलं मागे उभे होता तेव्हा गप्प का बसलात? मी पहिल्यांदा बोलत होते म्हणून? त्याची किंमत ह्या आमरीने का द्यावी? तुम्ही असता तर हे भांडण मी केलं असतं, आणि या वेळी आवाजही चढवला असता. तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत नाही. तुमच्या वतीने मी काही ठरवणार नाही. तेवढं तुमच्याकडून शिकले आहे.

बाळारामदादा थांबले होते. घाई नव्हती त्यांना. मागे, जिथे तुम्ही उभे असायचात, तिथे मी एकदा वळून बघितलं. सवय.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणाले. "गेल्या वर्षी थांबवायला नको होतं. मामा बरोबर सांगत होते. हा तुकडा कापा. आणि खाली पडलेलं जुनं गवत पण ओढून काढायला लागेल. मी मदतीला येते."

ते म्हणाले, "या. पंजी घिऊन ठेवतो. उद्या सकाळी." आणि मग, जाता जाता, "बोलल्या बाई एकदाच्या."

आज सकाळी आम्ही पाच जणी आणि बाळारामदादा होतो. बायकांनी मला विळा दिला नाही, बोटं कापून घेशील म्हणाल्या. मी पंजीने, त्या लांब दांड्याच्या दाताळ्याने, कुजकं गवत ओढत होते. ज्या अकरा रोपांना फुलं आली होती त्यांतल्या सात दांड्यांवर शेंगा फुटलेल्या होत्या, आत काहीच नाही, धुळीएवढं बी केव्हाच उडालेलं. विळा त्यांच्यावरून गेला. तुम्ही म्हणाला होता तसंच, काही बिघडल्यासारखं दिसलं नाही. दुपारपर्यंत तुकडा बाकीच्या माळासारखाच बोडका झाला. ते पिवळे कोंब केव्हाच सुकून मातीत मिसळले आहेत. त्यांचे कंद खाली झोपले आहेत की संपले, हे मला सांगता येणार नाही. माझ्या प्रबंधातलं, कापणी थांबवा म्हणणारं शिफारशीचं पान अजून बदलायचं आहे. हात दुखतायत, बोटांना फोड आले आहेत, हे लिहितानाही पेन नीट धरता येत नाही.

रजिस्टर बरोबर नेलं होतं. जांभळाखाली बसून उघडलं. तुमची ओळ निळी होती आणि माझ्याकडे काळं पेन होतं. रिकाम्या जागेत मी अकरा लिहिलं. शेजारी थोडी जागा उरली होती, तिथे लिहिलं: गेल्या वर्षी गवत कापलं नव्हतं. सांगणारी मी.

हिरांची जुडी पिशवीत आहे, पूर्ण पन्नास, मोजून ठेवली आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यातले किती रोवले जातील माहीत नाही. जितके असतील तितके मोठ्याने सांगेन. फोन वाजणार नाही, तरी सांगेन.